डावीकडे वाडा, उजवीकडे विहीर

आई म्हणायची, या पोरीच्या पायाला भिंगरी हाय, हिला एका जागी बसवणारा अजून जन्माला यायचाय. शेवटी मला बसवलं ते नोकरीनं. बीडमध्ये एका ऑफिसात पहिल्या मजल्यावर बसून मी रस्त्यांची डिझाइनं करते. खाली टायरचं दुकान, वर तापलेला पत्रा, पुढ्यात दोन स्क्रीन. रस्ते जातात नारायणगडाकडे, पालीकडे, पार धर्मापुरीपर्यंत, आणि मी जाते फक्त चहाच्या गाड्यापर्यंत. म्हणून की काय, खुर्चीत बसल्या बसल्या माझा पाय सारखा हलत असतो. साहेब, म्हणजे आमच्या ऑफिसचे मालक, म्हणतात की म्याडमच्या पायाला डायनामो लावला तर लाइट गेल्यावर कामाला येईल.

माझं काम कुणाला समजावून सांगायचं म्हटलं की माझीच चिडचिड होते. तरी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आमचा सर्वेवाला जीपीएसचा दांडा घेऊन होणाऱ्या रस्त्याच्या कडेनं चालतो. खांब दिसला, दांडा टेकवला, एक बिंदू. झाड दिसलं, एक बिंदू. प्रत्येक बिंदूला तो इंग्रजी अक्षरात एक छोटं नाव देतो. ते बिंदू माझ्या स्क्रीनवर येतात, मी त्यांच्यामधून रस्त्याची मध्यरेषा ओढते आणि सॉफ्टवेअरला विचारते, बाबा रे, यातला कोण रस्त्याच्या सुरुवातीपासून किती लांब आहे आणि रेषेपासून कुठल्या बाजूला किती हटून आहे? ते रिपोर्ट काढून देतं. डावीकडचे उणे, उजवीकडचे अधिक. डावं-उजवं आपलं नव्हे हं, रस्त्याचं. रस्ता जिकडे तोंड करून निघालाय तिकडे तोंड करून उभं राहायचं. चिंच, देऊळ, खांब, गोठा, सगळे त्या रिपोर्टात एकाखाली एक येतात. कोण राहणार आणि कोण जाणार, ते त्यावरून ठरतं.

हा रस्ता मोठ्या सडकेवरून फुटून तीन-चार वस्त्यांपर्यंत जाणारा होता. त्यातल्या एका वस्तीवर माझी थोरली बहीण दिलीय. अक्का. हे मी ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. लपवायचं होतं असं नाही, पण आमच्या जिल्ह्यात रस्त्याचं आणि नातेवाइकांचं प्रकरण नाजूक असतं. रस्ता वाकला की लोक विचारतात, मधी रान कुणाचं व्हतं? आणि सरळ गेला तर विचारतात, कुणाशी वाकडं व्हतं? म्हणून मी तोंड मिटून रेषा ओढली. रेषाही चांगली निघाली. जुन्या कच्च्या वाटेच्या डाव्या बाजूला गायरानाची लांबच लांब पट्टी होती, सरकारी जमीन, तिच्यावरून बहुतेक रस्ता बसत होता. कुणाचं रान जात नव्हतं, अक्काचंही नाही. मला हायसं वाटलं आणि मी रिपोर्ट काढायला घेतला.

रिपोर्टमध्ये मधेच एक नाव आलं, वाडा. इंग्रजी मोठ्या अक्षरात, डब्ल्यू, ए, डी, ए. डावीकडे, रेषेला जवळजवळ चिकटून. थोडं पुढे परत वाडा. आणखी पुढे, अक्काच्या वस्तीसमोर, तिसरा वाडा. मी त्या रस्त्यानं दर दिवाळीला आणि दर पंचमीला गेलेली बाई. मला तिथं वाडा काय, धड भिंत आठवेना. पण वाटलं, झाडांमागे एखादी पडकी गढी असेल, आपण स्कूटीवर भुर्रकन जातो, बघतो कशाला? आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मला लवकर सुटायचं होतं. रिपोर्ट होता तसा वर पाठवून दिला.

वर म्हणजे संभाजीनगरला. तिथं एक मोठे साहेब बसतात, ते आमची सगळी डिझाइनं तपासतात. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही, त्यांची लाल शाई तेवढी ओळखते. दोन दिवसांनी नकाशा परत आला, तिन्ही वाड्यांभोवती लाल ढग काढलेले. खाली लिहिलं होतं की जुने वाडे दिसत आहेत, तोडफोड झाल्यास तक्रारी येतील, तरी मध्यरेषा उजवीकडे घेऊन तिन्ही वाडे वाचवावेत व रिपोर्ट नव्यानं काढावा. आमच्या साहेबांनी ते वाचून चष्मा वर केला. तीन-तीन वाडे, हे खेडं हाय का संस्थान, असं म्हणून त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. वरून आलंय, करून टाका.

मी करून टाकलं. रेषा धरली, उजवीकडे ओढली, वळणं नीट बसवली, रिपोर्ट काढला. सवयीनं बोट फिरवत खाली आले आणि बोट थांबलं. विहीर. सर्वेवाल्यानं विहिरीच्या काठावर चार बिंदू घेतले होते. आधीच्या रिपोर्टात चारी उजवीकडे होते, चांगले हटून. आता दोन उणे आणि दोन अधिक. म्हणजे विहिरीचा अर्धा काठ रस्त्याच्या डावीकडे आणि अर्धा उजवीकडे. मध्यरेषा विहिरीच्या तोंडातून गेली होती. आणि ती विहीर अक्काची होती.

लोकांना वाटेल, एवढं काय, विहीरच तर आहे. पण त्या वस्तीवरच्या बाकीच्या विहिरी होळीच्या आतबाहेर तळ दाखवतात आणि अक्काची वैशाखापर्यंत तग धरते. सगळी वस्ती तिच्यावर जगते. अक्काचं लग्न झालं तेव्हा तिथं नुसता खडक होता. तिनं आणि दाजींनी दोन जागी खणून पाहिलं, दोन्ही कोरड्या निघाल्या, तिसऱ्या जागी पाणी लागलं. पाणी लागलं त्या दिवशी अक्कानं मला फोन केला होता आणि फोनवर काही न बोलता नुसती रडली होती. मला वाटलं दाजींना काही झालं. आता विहिरीशेजारी तिनं जनावरांना प्यायला दगडी हाळ बांधलाय. जाणारं-येणारं कुणाचंही जनावर तिथं पाणी पितं. अक्का तोंडानं बडबड करते, पाणी काय फुकट पडलंय का म्हणते, आणि हाळ भरत राहते.

माझा पाय असा हलायला लागला की टेबलावरचा चहा कपाबाहेर आला. मी उठले, गॅलरीत गेले, परत आले, परत रिपोर्ट पाहिला. आकडे काही बदलले नव्हते. मग साहेबांकडे गेले आणि शक्य तितक्या कोरड्या आवाजात म्हणाले की साहेब, नव्या रेषेत एक पाण्याची विहीर जातेय. ते म्हणाले, जाऊ द्या की, विहिरीचा मोबदला मिळतो. मी म्हणाले, मोबदल्यात पाणी थोडंच मिळतं? त्यांनी मान वर केली.

"कावून? तुमची हाय का ईर?"

"माझी कुठून असणार?" मी म्हणाले.

ते खोटं नव्हतं. पण बाहेर येऊन बसले तेव्हा कळलं की आता दारच बंद झालं. आता अक्काचं नाव घेतलं असतं तर ते म्हणाले असते, तेच म्हणलं, म्याडमला एकाएकी विहिरीचा एवढा पुळका कशाला? आणि माझ्या हातून निघालेली प्रत्येक रेषा मग नात्यागोत्याची ठरली असती. मला माझा राग आला, साहेबांचा आला, संभाजीनगरच्या लाल शाईचा तर फारच आला. त्या वाड्यांचा तर असा आला की उठून जाऊन पाडावेत. कोण कुठले तीन वाडे, कधी कुणी नाव ऐकलं नाही, आणि त्यांच्यासाठी माझ्या बहिणीचं पाणी बुजवायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

चिडूनच मी सर्वेवाल्याला फोन लावला. हा माणूस माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, पाटोद्याकडचा, कामाला पक्का आणि स्वभावानं भिडस्त. मागच्या एका कामात त्याच्याकडून कुणाचा तरी गोठा घ्यायचा राहिला होता आणि त्यावरून त्याला अशी बोलणी बसली होती की तेव्हापासून तो रस्त्यात बसलेलं कुत्रंसुद्धा सोडत नाही. मी त्याला विचारलं, हे वाडे कुठले? तो म्हणाला, म्याडम, वाडेच हायेत, सोताच्या डोळ्यानं बघून घेतलेत. मी विचारलं, दगडी का मातीचे?

"दगडी कुठून आसतील? जाळीचा व्हता."

"वाड्याला जाळी?"

"मग? मेंढरं पळून जातेल की म्याडम."

आता यात न कळण्यासारखं काय होतं? आमच्याकडे मेंढरं बसवायच्या कुंपणाला वाडाच म्हणतात. धनगर मंडळी रानोरान हिंडतात, मुक्कामाला खुंट्या ठोकून भोवती जाळी ओढतात, आत मेंढरं, बाहेर कुत्री, झाला वाडा. हे मला लहानपणापासून माहीत. शेजारच्या रानात वाडा बसला की आम्ही पोरं कोकरं बघायला पळायचो. पण तोच शब्द इंग्रजी मोठ्या अक्षरात रिपोर्टात आला आणि माझ्या डोक्यात मेंढरू आलंच नाही. त्या अक्षरांना लेंड्यांचा वास येत नव्हता ना.

आणि तीन का? तर सर्वेवाला रोज थोडा पुढे सरकत होता आणि वाडाही रोज थोडा पुढे सरकत होता. एकच वाडा, तीच मेंढरं. गायरानाच्या पट्टीवरून ते त्याच्याबरोबरच चालले होते. यानं रोज सकाळी जाऊन विचारलं असेल, हे काय हाय, आणि त्यांनी सांगितलं असेल, वाडा हाय. यानं तीनदा घेतला. मी चिडून म्हणाले, अहो, कळलं नाही का की तोच आहे? तो म्हणाला, कळलं की. पण जागा नवी व्हती. सोडला आसता तर पुन्हा मलाच बोलले आसते.

साहेबांना सांगितलं तेव्हा ते हसता हसता खोकायला लागले. उंटावरून शेळ्या हाकणं ऐकलं होतं, हे तर संभाजीनगरावरून मेंढरं हाकणं झालं, म्हणाले. मला वाटलं, सुटले. पण हसू ओसरल्यावर त्यांचा चेहरा बदलला. मोठ्या साहेबांना हे सांगायचं कसं? मेंढरांसाठी रस्ता वाकवला हे त्यांना कसं रुचेल? ते उलट विचारतील की वाडे रिपोर्टातून काढायला तुम्हाला कुणी सांगितलं, कुणाचा दबाव आहे? साहेब माझ्याकडे बघत होते असं मला वाटलं. कदाचित बघत नसतीलही. शेवटी म्हणाले, उद्या जागेवर जा, तिन्ही ठिकाणी जीपीएसचं मशीन लावा, मशीनच्या स्क्रीनसकट फोटो काढा की इथं वाडा नाही. परवा रिपोर्ट जायचाय. फोटो नसतील तर नवी रेषा जाईल.

दुसऱ्या दिवशी सर्वेवाला मोटारसायकलवर पुढे आणि मी स्कूटीवर मागे. चैत्राचं ऊन, तोंडाला ओढणी गच्च बांधलेली, नुसते डोळे उघडे. ती ओढणी उन्हासाठी होती, पण त्या दिवशी मला तिचा दुसराही उपयोग होता. वस्तीवर कुणी ओळखलं असतं तर सर्वेवाल्यासमोर सगळं उघड झालं असतं आणि त्या फोटोंची किंमत शून्य झाली असती. बहिणीची विहीर वाचवायला म्याडमनं वाडे गायब केले, एवढंच लोकांनी ध्यानात ठेवलं असतं.

पहिल्या जागी मशीननं बीप केलं. खाली तुडवलेली गोल जागा, लेंड्या, चुलीचे तीन काळे दगड. मशीन तिथंच ठेवून फोटो काढला. दुसऱ्या जागीही तेच, फक्त चुलीच्या राखेत कुणीतरी कांद्याची सालं टाकली होती. सर्वेवाला खुशीत होता. बिंदू किती बरोबर घेतले होते ते बघा म्याडम, म्हणत होता, एक बोट इकडं न्हाई का तिकडं न्हाई. मी म्हणाले, हो, तुमच्या बरोबरपणानंच तर आपण उन्हात आहोत.

तिसरी जागा अक्काच्या विहिरीच्या बरोब्बर समोर. मधे फक्त जुनी कच्ची वाट. मी मुद्दाम विहिरीकडे पाठ करून उभी राहिले. फोटो दोनदा हलला. तेवढ्यात मागून हाक आली, आगं बाई, ये. मी वळले नाही. परत हाक आली, आता माझं घरचं नाव घेऊन. तोंड झाकलं म्हणून काय झालं, अक्कानं माझा हलणारा पाय ओळखला होता. वळून पाहिलं तर ती हाळाशी उभी, पदर खोचलेला, हातात पाण्याचा तांब्या. माझ्यासाठीच भरून आणलेला.

सर्वेवाल्यानं विचारलं, वळखीच्या हायेत का? मी म्हणाले, वस्तीवरची माणसं, ऊन बघून कुणालाही पाणी देतात, आपल्याला उशीर होतोय. आणि हात हलवला, परक्या बाईला हलवतात तसा, नको नको. अक्काचा तांब्या तसाच पुढे धरलेला राहिला. मी स्कूटी चालू केली. बहिणीच्या दारात जाऊन पाणी न पिता परत फिरणं, आमच्याकडे असं वैऱ्याच्या दारातही करत नाहीत. ओढणीच्या आत माझं तोंड ओलं झालं होतं आणि ते घामानं नव्हतं. आरशात ती दिसत होती. मी आरशात बघायचं बंद केलं.

वळणापलीकडे प्रत्यक्ष वाडाच भेटला. कुत्री भुंकत अंगावर आली, आतून एका बाईनं त्यांना दटावलं. नवरा मेंढरं घेऊन लांब गेला होता, ती कोकरांपाशी थांबलेली, नाकात मोठी नथ, हातात घोंगडी. मला मोकळ्या जागेच्या तीन फोटोंपेक्षा हा एक फोटो जास्त उपयोगाचा वाटला. मोठ्या साहेबांना दाखवता आलं असतं की साहेब, याला वाडा म्हणतात. मी तिला म्हणाले, मावशी, फोटो काढू का? तोवर सर्वेवाला सवयीनं दांडा घेऊन जाळीच्या कोपऱ्याकडे निघाला होता. मी त्याच्यावर असे ओरडले की कुत्रीसुद्धा गप्प झाली.

मावशीनं विचारलं, कशाचा फोटू? मग मी तिला सगळं सांगितलं, म्हणजे अक्का सोडून सगळं. की तुमचा वाडा कागदावर आला, तिकडच्या साहेबांना वाटलं मोठा वाडा आहे, तो पाडायला नको म्हणून त्यांनी रस्ताच उजवीकडे सरकवला. ती आधी हसली, पदर तोंडावर घेऊन चांगली हसली. मग घोंगडी खाली ठेवली.

"आमच्यापायी रस्ता सरकला? आजवर तर आमीच सरकत आलो, बाई."

मी म्हणाले की ती चूक होती, आम्ही ती दुरुस्त करतोय, नाहीतर वस्तीची विहीर जात होती. ती म्हणाली, ती हीर जाऊ नये, आमची मेंढरं तिथंच पाणी पितेत. मग विचारलं, म्हंजे रस्ता आता कुठून? मी हातानं दाखवलं, डावीकडून, या गायरानावरून. तिनं त्या पट्टीकडे पाहिलं, मागच्या बाजूला, पुढच्या बाजूला.

"मग आमी कुठं बसावं?"

"बघू," मी म्हणाले. ऑफिसात राहून शिकलेला शब्द आहे हा. त्याच्याइतका नीच शब्द मराठीत दुसरा नसेल.

परत येऊन मी कामाला बसले. फोटो जोडले, खाली सर्वेवाल्याचं निवेदन जोडलं. बिंदूंच्या यादीत वाडा निवडला, काढून टाकला. दुसरा काढला. तिसऱ्यावर जरा थांबले, मग तोही काढला. रेषा ओढून परत गायरानावर आणली आणि रिपोर्ट काढला. विहिरीचे चारी बिंदू अधिक, चारी उजवीकडे, हटून. मोठ्या साहेबांचं एका शब्दाचं उत्तर आलं, मान्य. आमच्या साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. विहीर वाचली होती. मला नाचावंसं वाटायला हवं होतं, पण मी दुसऱ्याच दिवसापासून आणखी बेचैन झाले.

कारण अक्का फोन उचलेना. सकाळी लावला, दुपारी लावला. दाजींना लावला तर ते म्हणाले, ती रानात हाय. रोजच रानात. शेवटी एकदा दाजीच हळू आवाजात म्हणाले की तिचं मन लई दुखलंय, नोकरी लागली तशी भनीची लाज वाटायला लागली म्हणती. मला रडावं का ओरडावं कळेना. हिच्या विहिरीसाठी माझ्या जिवाची तगमग झाली आणि हिला फक्त न पिलेलं पाणी आठवतंय. सांगायचं तरी कसं? कागदावर सह्या होऊन रेषा कायम होईपर्यंत तोंड उघडायची सोय नव्हती. अक्काच्या पोटात काही राहत नाही. आज तिला सांगावं आणि उद्या ते चावडीवर ऐकू यावं.

सह्या झाल्या त्याच्या पुढच्याच रविवारी मी गेले. या वेळी ओढणी बांधली नाही, उन्हानं चेहरा भाजून निघाला. अक्का अंगणात ज्वारी पाखडत होती. तिनं वर पाहिलं, सूप खाली ठेवलं आणि आत गेली. मला वाटलं आता दार लावती. ती तांब्या घेऊन बाहेर आली आणि माझ्यासमोर धरला. मी उभ्या उभ्या सगळा तांब्या संपवला. मग बोलायला लागले. तीन वाडे, लाल शाई, विहिरीच्या तोंडातून गेलेली रेषा, साहेबांचा प्रश्न, सगळं. ती माझ्याकडे पाठ करून तुळशीची पानं खुडत होती, उगाचच. सांगून झालं तरी वळली नाही.

"मला वाटलं, तुला लाज वाटली माजी," ती म्हणाली.

मी म्हणाले, अक्के, लाज नाही गं, भीती. विहीर जाईल याची भीती. तेव्हा ती वळली. डोळे पुसले आणि लगेच खेकसली, आधी सांगता येत नव्हतं का, मी काय डोंगरावरून डांगोरा पिटणार व्हते? पिटलाच असता हे दोघींनाही माहीत होतं.

मग म्हणाली, चल, दाखवते. माझा हात धरून घरामागे घेऊन गेली. विहिरीच्या पलीकडे त्यांचं हरभऱ्याचं मोकळं रान होतं आणि त्यात खुंट्या ठोकून जाळी ओढलेली. आत मेंढरं दाटीनं बसलेली, कोपऱ्यात नथवाली मावशी कोकराला पाजत होती. तिनं मला ओळखलं आणि हात वर केला. मेंढरांना पाणी पाजायला आली तेव्हा तिनं अक्काला आपलं गाऱ्हाणं सांगितलं होतं म्हणे, विहिरीचं काही नाही, एवढंच की एक तोंड बांधलेली बाई आली, तिनं आमचा वाडा कागदावरून पुसला, आणि आता आमाला बसायला जागा न्हाई. ती बाई कोण हे अक्कानं लगेच ताडलं होतं. पण आपल्या विहिरीसाठी ते केलं हे तिला आता कळत होतं. तरी तिनं मावशीला आधीच सांगून टाकलं होतं की आमच्या रानात बस, दरसाल बस, खत तरी हुईल.

मी म्हणाले, बरं केलंस. अक्कानं पदरानं वारा घेतला, जाळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"त्या तुज्या कागदात लिव्ह," ती म्हणाली. "उजव्या अंगाला हीर, अन् हिरीला लागून वाडा. आता पुसू नको."